काळ्या पाण्यावरचे हिरवे पीक



आपल्या पाटाला येणारे पाणी आणि मुंबईच्या नळाला जाणारे पाणी, दोन्हींचे माहेर एकच आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस पूर्वेला उतरला की त्याची गोदावरी होते, आणि गंगापूर, नांदूरमधमेश्वर करीत तो कालव्याने आपल्या उसाला येतो. तोच पाऊस पश्चिमेला कलंडला की वैतरणा होते, आणि मोखाड्याच्या डोंगरांतून, एकामागून एक धरणांतून मुंबईला जातो. मध्ये फक्त एक कडा. आपल्याकडे वीस-बावीस इंच पाऊस झाला तर साल चांगले म्हणायचे. कड्याच्या पलीकडे जव्हार-मोखाड्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस कोसळतो.

हा भूगोल आज सांगण्याचे कारण वेगळेच आहे. गेल्या काही महिन्यांत सभासदांकडून एकच विचारणा पुन्हा पुन्हा झाली. कचरा डेपोतून जे काळे पाणी पाझरते त्यात शेवाळ वाढवले की पाणी आपोआप शुद्ध होते, वर शेवाळाचे खत मिळते, असे अनेकांनी मोबाईलवर पाहिले आहे. मग आपल्या गावच्या डेपोला, झालेच तर डिस्टिलरीच्या लगूनलाही हा उपाय का करू नये, असा प्रश्न आहे. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला घाटापलीकडे जावे असे आम्हाला वाटले. पाऊस दांडगा, उतार तीव्र, माती वीतभर आणि खाली काळा कातळ, अशा मुलखात कचऱ्याचे पाणी लपून राहू शकत नाही. आपल्याकडे काळ्या मातीत जे मुरायला दहा वर्षे लागतात ते तिथे एका पावसाळ्यात डोळ्यांना दिसते.

कचऱ्याचा काढा

डेपोच्या या पाण्याला कागदोपत्री 'लीचेट' म्हणतात. आपण त्याला काढा म्हणू, कारण तो तसाच बनतो. तुळस, आले, मिरी भांड्यात घालून वरून पाणी ओतले की सगळ्याचा अर्क उतरतो. डेपोत भाजीचा पाला, शिळे अन्न, कोंबडीची पिसे, औषधाच्या बाटल्या, टॉर्चचे सेल, रंगाचे डबे असतात आणि वरून पाऊस पडतो.

सुरुवातीची काही वर्षे हा काढा आंबट असतो. आतले जंतू अन्नाचे आम्ल करतात, दुर्गंधी प्रचंड असते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकण्याची त्याची ताकदही प्रचंड असते. पुढे ढिगाच्या पोटात मिथेन तयार करणारे जंतू जोर धरतात, आम्ल संपते, वास थोडा कमी होतो. लोकांना वाटते डेपो निवळला. पण अन्नातल्या प्रथिनांचे नत्र अमोनिया होऊन तसेच राहते. जुन्या ढिगाच्या पाण्यात लिटरला हजार मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त अमोनियाचे नत्र सापडते, आणि ढीग बंद केल्यावरही ते कित्येक वर्षे पाझरत राहते. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत असे पाणी नदी-नाल्यात सोडायचे तर अमोनियाचे नत्र ५० मिलिग्रॅमच्या आत आणि बीओडी ३० च्या आत हवा असे घालून दिले होते. हजाराचे पन्नास करायचे, एवढे हे काम आहे.

आपल्या सभासदांना स्पेंट वॉश माहीत आहे. त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो आणि रंग तसाच काळा-तांबडा. डेपोच्या काढ्याचे आणि स्पेंट वॉशचे दुखणे एका बाबतीत सारखे आहे. रंगामुळे ऊन आत शिरत नाही, आणि ऊन नाही तिथे शेवाळ नाही.

वर काळे, खाली हिरवे

गेल्या ऑक्टोबरात आम्ही त्र्यंबकहून तोरंगण घाटाने खाली उतरलो. भात पिकत आले होते, उतारावर नागली उभी होती, आणि ओढे अजून वाहत होते. वाटेतल्या एका वस्तीबाहेर (नाव कशाला घ्यायचे, असा ढीग नाही असे गाव आपल्याकडे तरी कुठे आहे?) रस्त्याच्या कडेला उतारावर कचरा लोटलेला होता. ढिगाच्या पायथ्याशी बोटभर धार झिरपत होती. तिथे दगड काळे, बुळबुळीत, आणि एक हिरवा ठिपका नाही. दहा-पंधरा पावलांवर कातळाच्या भेगेतून एक स्वच्छ झरा येऊन त्या धारेला मिळत होता. मिळाला तिथून पुढे दगडादगडावर पोपटी मखमल. आणखी खाली खळग्यात पाणी साचले होते, तिथे शेवाळाची जाड साय. सायीच्या कडेला मात्र ते करडे पडून कुजत होते, त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता.

प्रयोगशाळेत जे शिकवतात ते सगळे या पन्नास पावलांत मांडलेले होते. म्हणून थोडे थांबून सांगतो.

निव्वळ काढ्यात शेवाळ का नाही? एक कारण रंग. दुसरे अमोनिया. थोडा अमोनिया म्हणजे शेवाळाला युरिया. फार झाला की तोच विष, जसा उसाच्या कोवळ्या फुटव्याजवळ युरियाचा ढीग पडला तर फुटवा करपतो. झऱ्याच्या पाण्याने काढा पातळ झाला, रंग फिका झाला, अमोनिया सोसेल इतका झाला, आणि क्लोरेला, सीनेडेस्मस अशा हिरव्या जातींनी जोर धरला. जगभर ज्यांनी ज्यांनी हे करून पाहिले त्यांना काढा आधी पातळ करून घ्यावा लागला आहे, कुठे पाचपट, कुठे दहापट, कुठे त्याहून जास्त.

तिसरे कारण आपल्या माणसाला पटकन पटेल. काढ्यात नत्र बखळ आणि स्फुरद नावाला. शेवाळाला सात भाग नत्रामागे एक भाग स्फुरद लागते. डेपोच्या पाण्यात हे प्रमाण शंभराला एक असेही असते. नुसत्या युरियावर ऊस वाढवल्यासारखे ते होते. पातळ केलेल्या हजार लिटर पाण्यात ७० ग्रॅम नत्र असेल तर १० ग्रॅम स्फुरद हवे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. (गोणीवर जे १६ टक्के लिहिलेले असते ते स्फुरदाच्या संयुगाचे, निव्वळ स्फुरद त्यात सातच टक्के. आमचा हिशेब त्यावर आहे.)

शेवाळाच्या जोरावर सांडपाणी सुधारण्याची विद्या काही नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑस्वाल्ड आणि गोटास यांनी १९५७ साली तिचा शास्त्रीय पाया घातला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, त्यावर जंतू जगतात आणि घाण खातात. जंतू कर्बवायू सोडतात, तो शेवाळ खाते. दोघांची सामायिक शेती म्हणा. आपल्या नागपूरच्या संस्थेने, जिला आज 'नीरी' म्हणतात, १९७० साली भारतातल्या अशा तलावांचा आराखडा, बांधणी आणि देखभाल सांगणारे पुस्तकच काढले. पण ते गावाच्या मैल्याच्या पाण्यासाठी. डेपोचा काढा त्याच्या कितीतरी पट कडक, हा फरक मोबाईलवरच्या चित्रफितीत कोणी सांगत नाही.

गुंठ्याचा हिशेब

आता वहीपेन्सिल घ्या. शेवाळाचे तळे उथळ ठेवावे लागते, जेमतेम फूटभर, कारण खाली ऊन पोचत नाही. पाणी सारखे हलते ठेवावे लागते. चांगल्या उन्हात एका चौरस मीटरला दिवसाला दहा ते वीस ग्रॅम वाळलेले शेवाळ मिळते. मधले पंधरा धरू. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला दीड किलो. त्यात सात टक्के नत्र धरले तर शंभर ग्रॅम.

एकरावर, वर्षभर ऊन आहे असे धरले तर हे दीड हजार किलो नत्र होते. आडसाली उसाला आपण एकरी १६० किलो देतो. म्हणजे शेवाळ उसाच्या जवळपास दहापट खादाड आहे. ही झाली कौतुकाची बाजू.

दुसरी बाजू अशी. काढ्यात लिटरला हजार मिलिग्रॅम नत्र, म्हणजे शंभर ग्रॅम नत्र फक्त शंभर लिटर काढ्यात. एका गुंठ्याचे तळे दिवसभर राबून अर्धे पिंप काढा पचवते. डेपोतून रोज दहा हजार लिटर येत असेल तर शंभर गुंठे, अडीच एकर तळे पाहिजे. चित्रफितीत काचेच्या बरणीत हिरवे पाणी डुलते ते खोटे नसते. बरणीच्या मागे अडीच एकर आहेत एवढेच.

आणि एक चोरवाट आहे, तीही सांगून टाकतो. दिवसा शेवाळ कर्बवायू ओढते त्यामुळे पाणी अल्कली होते, आणि अल्कली पाण्यातला अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. चुनखडीच्या रानात वर फेकलेला युरिया उडतो, तसाच. मग पाण्याचा नमुना तपासला की नत्र घटलेले दिसते आणि श्रेय शेवाळाला मिळते. खाल्ले किती आणि उडाले किती, हे वेगळे मोजल्याशिवाय कोणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये असे आमचे मत आहे.

पाणी तेव्हा ऊन नाही, ऊन तेव्हा पाणी नाही

हा हिशेब घेऊन आता जव्हार-मोखाड्यात उभे राहा. जव्हारची नगर परिषद संस्थानकाळातली, १९१८ ची. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती. माणशी दोनशे-तीनशे ग्रॅम कचरा धरला तर अशा गावाचा रोजचा अडीच-तीन टन होतो. आपल्या दीड-दोन टायरगाड्या उसाइतका. मुंबईपुढे हे काहीच नाही. पण पाऊस वस्ती बघून पडत नाही.

एक एकरभर ढिगावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी २१ लाख लिटर पाणी. त्यातले चौथाईच ढिगातून झिरपले असे धरले तरी तीस लाख लिटर, चार महिन्यांत दिवसाला पंचवीस हजार लिटर. पावसाने काढा पातळ होतो हे खरे. लिटरला शंभर मिलिग्रॅम नत्र धरू. तरी दिवसाला अडीच किलो नत्र, म्हणजे पंचवीस गुंठे तळे, आणि तेही चांगल्या उन्हाचे. त्या मुलखात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पाहुण्यासारखा येतो. शेवाळाची वाढ निम्म्यावर आली की पंचवीसचे पन्नास गुंठे. ढिगापेक्षा तळे मोठे झाले.

शिवाय तळे फूटभर खोल, म्हणजे तीनशे मिलिमीटर. तिथे आषाढात एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. एका रात्रीत तळे भरून वाहते आणि महिनाभर जोपासलेले शेवाळ ओढ्यात जाते.

बरे, मग उन्हाळ्यात करू. मार्च-एप्रिल-मे मध्ये ऊन भरपूर. पण काढा दहापट पातळ करायला पाणी कुठले? हेच जव्हार-मोखाडा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते. एवढा पाऊस पडूनही कातळात पाणी ठरत नाही, झरे आटतात, आणि पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीतल्या डबक्यापर्यंत उतरतात. तिथे कोणाला सांगणार की या हजार लिटर काढ्यात नऊ हजार लिटर गोडे पाणी घाला?

राहिले ऑक्टोबर ते जानेवारी. ओढ्याला पाणी, आकाश मोकळे. चार महिने हे काम तिथे जमू शकते, पावसाळ्यातला काढा पक्क्या टाकीत साठवून ठेवला असेल तर. पण सपाट पन्नास गुंठे आणायचे कुठून? त्या डोंगरात सपाट जागा आपोआप मिळत नाही. पिढ्यानपिढ्या दगड रचून, बांध घालून कोणी तरी केलेली असते, आणि तिला भाताचे खाचर म्हणतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या मुलखात भाताचे खाचर काढून शेवाळाचे तळे करा असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

तिथला खरा उपाय शेवाळाच्या आधीचा आहे, आणि तो आपल्याला चांगला येतो. कांदा चाळीवर आपण कागद टाकतो तसा ढिगावर टाकायचा, वरच्या अंगाला चर खणून डोंगराचे पाणी बाजूने काढून द्यायचे. पाणीच शिरले नाही तर काढा कशाचा होणार? आणि ओला कचरा ढिगावर जाऊच द्यायचा नाही. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्मा ओलाच असतो. पाड्यावर तो कोंबड्या-शेळ्यांना जातो, उरला तर उकिरड्यात. तिथे डेपोला लागणारा माल येतो तो बाजारातून, हॉटेलांतून, आणि दाभोसा धबधब्याला येणाऱ्या तुम्हा-आम्हा पाहुण्यांच्या पिशव्यांतून. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आपल्यातल्या कित्येकांनी बांधली होती. विटांच्या त्या साध्या हौदात जे कुजते ते खत होते. तेच ढिगात कुजले की काढा.

तोडणी कोण करणार?

समजा जागा आहे, ऊन आहे, पाणीही आहे. शेवाळ हिरवेगार झाले. लोक इथे थांबतात, फोटो काढतात. आम्ही म्हणतो, खरे काम इथून पुढे.

ऊस उभा राहिला म्हणून साखर होत नाही. तोड वेळेवर आली नाही तर वजन जाते, उतारा जातो. शेवाळाचे त्याहून वाईट. उसाला निदान महिना-दोन महिने दम असतो, शेवाळ काही दिवसांत म्हातारे होते, मरते, तळाशी बसते, कुजते, आणि खाल्लेले सगळे नत्र पाण्याला परत देते. वर कुजताना प्राणवायू संपवते तो वेगळा. तो करडा, वासाचा खळगा आठवा. तिथे तोडणी झाली नव्हती.

आणि तोडणी सोपी नाही. क्लोरेलाची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा लहान. फडक्यातून सरळ निघून जाते. तुरटी किंवा चुना घालून गोळा करून खाली बसवावे लागते. आपल्या कारखान्यात रसात चुना घालून क्लॅरिफायरमध्ये गाळ बसवतात, तशीच तऱ्हा. म्हणजे खर्च आला, माणूस आला, आणि निघालेला चिखल कुठे टाकायचा हा प्रश्न आला.

तो जनावराला घालू नका. 'शेवाळात प्रथिने असतात, कुपोषणावर उपाय' असे वाचून कोणी तरी डेपोचे शेवाळ आणि स्पिरुलिनाची गोळी यांची सांगड घालतो. स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, मोजून दिलेल्या क्षारांवर वाढवतात. डेपोच्या पाण्यात शिसे, कॅडमियम, पारा असू शकतो, आणि धातू धरून ठेवणे हा तर शेवाळाचा गुणच आहे. पाणी स्वच्छ होते ते शेवाळ घाण होते म्हणून. असा चिखल कोंबडीला, माशाला, भाजीपाल्याला लावणे म्हणजे टॉर्चचे सेल वाटून ताटात वाढणे. फार तर तपासून, बांबूसारख्या न खाण्याच्या झाडांना.

पाण्याची पुढची वाट

मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणेचे धरण आहे, १०२ मीटर उंच. तिथून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळते. पिंजाळ नदीवरही मुंबईसाठी धरणाची योजना मांडलेली आहे. डोंगरातला ओढा घाण झाला तर तो शेवटी कोणाच्या तरी पेल्यात जातो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की हेच पाणी मुंबईच्या स्वयंपाकघरांतून फिरून सांडपाणी आणि ओला कचरा होऊन ठाणे खाडीच्या काठी येते. देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला, मुलुंड आणि कांजूरचे डेपोही खाडीच्याच अंगाला. देवनारचा ढीग जानेवारी २०१६ मध्ये पेटला तेव्हा शहरभर धूर झाला होता.

त्याच खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. फ्लेमिंगो म्हणतात ते. त्यांचा गुलाबी रंग येतो तो शेवाळातल्या रंगद्रव्यांतून, आणि खाडीतले शेवाळ पोसले जाते ते महानगराच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पक्षी देखणे आहेत, आम्हीही मान वेळावून पाहिले आहेत. पण पक्षी आले म्हणजे खाडी निर्मळ झाली असे म्हणणारे भेटतात, त्यांना आम्ही मोखाड्याचा तो खळगा दाखवू इच्छितो.

खाचरातले शेवाळ वेगळे

शेवाळाबद्दल इतके कडू बोललो, तर दुसरीही बाजू सांगायला हवी. जव्हार-मोखाड्यातच श्रावण-भादव्यात भाताच्या खाचरात पाण्यावर निळसर-हिरवा तवंग येतो. तो या हिरव्या जातींचा नव्हे. ते निळे-हिरवे शेवाळ. हवेतले नत्र धरून जमिनीला देणारे. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले की खत न घालता भाताला मिळणाऱ्या नत्रामागे हे शेवाळ आहे. पुढे बनारसच्या आर. एन. सिंह यांनी त्यावर उसर जमिनी सुधारण्याचे प्रयोग केले, आणि दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून वेंकटरामन यांनी ते शेतकऱ्याच्या अंगणात वाढवण्याची रीत रूढ केली. खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद, थोडी माती, थोडे सुपर फॉस्फेट, वीतभर पाणी, मूठभर विरजण. पंधरा-वीस दिवसांत पापुद्रे वाळवून घ्यायचे. हेक्टरी दहा किलो टाकले की चांगल्या परिस्थितीत हंगामाला पंचवीस-तीस किलो नत्राची सोय होते. ज्या शेतकऱ्याच्या खांद्यावरून युरियाची गोणी डोंगर चढून जाते त्याला हे मोलाचे. स्वच्छ पाण्यात, स्वतःच्या खाचरात वाढलेले हे शेवाळ, आणि डेपोच्या काढ्यावरचे ते शेवाळ. नाव एक, म्हणून गल्लत करू नये.

मात्र याच निळ्या-हिरव्या कुळात विषारी जातीही आहेत, आणि त्या आपल्या शेततळ्यात येतात. सांडपाणी, मळीचे पाणी किंवा खताचा निचरा तळ्यात उतरला, उन्हाळ्यात पाणी कोमट होऊन स्थिर झाले, की वाऱ्याच्या दिशेच्या काठाला पोपटी रंग सांडल्यासारखी साय जमते. १८७८ साली ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर अशी साय प्यालेली मेंढरे, घोडे, कुत्री मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी केली होती. ओळख सोपी आहे. काठी घालून बाहेर काढा. केसासारखे तंतू लोंबले तर बहुधा साधे शेवाळ. काठीला रंग फासल्यासारखे झाले तर संशय धरा आणि गाई-बैल त्या काठाला सोडू नका. अशा वेळी घाईने मोरचूद टाकणारे पुष्कळ आहेत. मोरचुदाने शेवाळ मरते, पण पेशी फुटून आतले विष एकदम पाण्यात उतरते. टाकलेच असेल तर पुढचे काही आठवडे ते पाणी जनावरांना पाजू नये. मासे सोडलेले असतील तर पहाटे बघा. रात्री शेवाळही प्राणवायू ओढते, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

राहता राहिला आपल्या गावच्या डेपोचा आणि लगूनचा प्रश्न. लगूनचे पाणी आहे तसे शेवाळाला चालणार नाही, कारण वर आले आहे. डेपोबद्दल ग्रामपंचायतीने आधी वरचा चर आणि ओल्या कचऱ्याच्या टाक्या कराव्यात, शेवाळाचा विषय मागून. आणि ज्यांच्या विहिरी डेपोच्या, लगूनच्या किंवा बाजाराच्या उकिरड्याच्या खालच्या अंगाला आहेत त्यांनी पाणी हिरवे होण्याची वाट पाहू नये. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे; जास्त झाले तर पहिला त्रास बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला होतो. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटून दाट होते. नमुना घेताना पंप दहा मिनिटे चालू ठेवावा, एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, वर गट नंबर, विहीर की बोअर, आणि तारीख लिहावी. बाटली सावलीत, जमल्यास बर्फात ठेवून त्याच दिवशी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचवावी. एक नमुना आता, आणि एक पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवसांनी.